थप्पी लावायची तर सोडायला शिका: पोकलेन आणि पोरांच्या रोबोटसाठी

आठवा ठोकळा बसला. ऑपरेटर काकांनी पोकलेनचा बूम (मोठा हात) थांबवला, कॉलेजच्या पोरांनी टाळ्या पिटल्या आणि हुक वर घेताना त्याचं टोक कडीत अडकलं. दोन इंच उचललं असेल नसेल, वरचा ठोकळा एका बाजूनं उठला, घसरला आणि खालच्या दोघांना सोबत घेऊन मुरमात आला. काका खाली उतरले, तंबाखूची पुडी काढली आणि म्हणाले, "ठेवाले त कोणीबी ठेवते बाबू, सोडता आलं पाह्यजे."

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या फॅब्रिकेशन शेडमागच्या आवारात उन्हाळ्यात एक दिवस हा खेळ असतो. सकाळी पोकलेन काँक्रीटचे ठोकळे एकावर एक चढवतं, आणि ऊन चढलं की शेडमध्ये पोरांचे रोबोट फोमचे ठोकळे चढवतात. दोन्हीकडे थप्पी पडायची कारणं जवळजवळ तीच असतात. म्हणून पुढचं सगळं एकत्रच लिहितोय. ज्यांना आपल्या गावात, कॉलेजात किंवा साईटवर असं काही करायचं आहे त्यांनी यातून हवं ते उचलावं.

प्रकार नवा नाही. कॅटरपिलरनं २०१४ मध्ये आपल्या मशीनांकडून राक्षसी जेंगा (रचलेल्या थप्पीतून ठोकळे काढून वर ठेवायचा खेळ) खेळून घेतला होता. लाकडाचे २७ ठोकळे, प्रत्येक ६०० पौंडांचा, म्हणजे साधारण २७२ किलो. अमेरिकेतल्या फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेचा २०१५ चा खेळ पूर्णपणे थप्पीचाच होता: प्लास्टिकचे क्रेट एकावर एक, जास्तीत जास्त सहा, वर कचऱ्याचा डबा आणि त्या डब्यात फोमची नळी. आणि आपल्या घरचं उदाहरण म्हणजे एबीयू रोबोकॉन, आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची रोबोट स्पर्धा. २००८ ला ती पुण्यात झाली तेव्हा विषय होता गोविंदा, आणि २०२२ ला नवी दिल्लीत झाली तेव्हा चक्क लगोरी. एका रोबोटनं चेंडू मारून लगोरी फोडायची, दुसऱ्यानं ती पुन्हा रचायची, आणि समोरचा संघ चेंडू मारत राहणार. गल्लीत लगोरी खेळलेल्या माणसाला त्यातली गोम लगेच कळते. घाईत ठेवलेली वरची चकती आपण हात काढतानाच पडते.

आधी जमीन

नागपुरात या टप्प्यावर आळस केला की पुढचं सगळं वाया जातं. शहराच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. तिच्यावर थेट रचलेली थप्पी सकाळी सरळ असते आणि चौथ्या ठोकळ्याला मान टाकते.

आम्ही भेगाळ थर काढून टाकतो, मुरूम भरतो, पाणी मारून धुम्मस करतो आणि त्यावर १०० मिमी जाडीचा, दीड मीटर बाय दीड मीटरचा पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट) घालतो. लेव्हल तपासायला महागडं उपकरण नको. गवंड्याची लेव्हल पाईप पुरते, फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. उन्हात तापलेल्या नळीत बारीक बुडबुडे दिसत नाहीत, म्हणून नळी आधी सावलीत भरून, टिचक्या मारून बुडबुडे काढायचे. चार कोपऱ्यांतला फरक ३ मिमीच्या आत आणा. दीड मीटरला ३ मिमी म्हणजे २.४ मीटर उंचीवर जेमतेम ५ मिमी. तेवढं चालतं. पण जमीन १ अंशानं कलली तर तेवढ्याच उंचीवर टोक ४२ मिमी बाहेर जातं, आणि १ अंशाचा कल नुसत्या डोळ्याला दिसत नाही.

रोबोटवाल्यांनी "आमची तर फरशी आहे" म्हणून निवांत बसू नये. कोटा फरशीचे सांधे वरखाली असतात, आणि १८ मिमीची प्लाय पावसाळाभर भिंतीला उभी ठेवली असेल तर ती नक्की वाकलेली आहे. ॲल्युमिनियमची सरळ पट्टी आडवी ठेवा आणि खालून जाड कागद सरकतो का ते पाहा. जिथं सरकतो तिथं खाली पॅकिंग द्या.

ठोकळे

आमचा ठोकळा ६०० बाय ६०० बाय ३०० मिमीचा, एम-२० काँक्रीटचा. काँक्रीट घनमीटरला साधारण २४०० किलो धरलं तर वजन २६० किलोच्या आसपास येतं. सगळे ठोकळे एकाच लोखंडी साच्यातून काढा. दोन साचे वापरले की दोन प्रकारचे ठोकळे तयार होतात, मग कोण कोणावर बसतो याची वेगळी वही ठेवावी लागते. वरचा पृष्ठभाग थापीनं नुसता गुळगुळीत करू नका, साच्याच्या काठांवर पट्टी फिरवून सपाट करा. गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग बरेचदा मध्ये फुगीर असतो आणि ठोकळा त्यावर भोवऱ्यासारखा डुलतो.

उचलायच्या कडीसाठी वर मध्यभागी ८० मिमी खोल खळगा ठेवा आणि कडी त्याच्या आत बसवा, म्हणजे पुढचा ठोकळा सपाट बसतो. कडी १६ मिमीच्या साध्या एमएस (माइल्ड स्टील) सळईची घ्या आणि तिचे पाय काँक्रीटमध्ये खोल जाऊ द्या. टीएमटी (स्लॅबमध्ये घालतात ती खाचांची सळई) वाकवून कडी करायची नाही. शेडमध्ये तुकडे पडलेले असतात, मोह होतो, पण वाकवलेल्या जागी ती सळई ठिसूळ वागू शकते आणि उचलताना तुटली तर आधी चाहूलही लागत नाही. कडीचं डिझाइन एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या नजरेखालून घाला. गोणपाट भिजवून क्युरिंग नीट करा आणि २८ दिवस झाल्याशिवाय ठोकळा हुकाला लावू नका.

थोडा हिशोब

समजा तुमच्या हातून दर वेळी १० मिमीची चूक होते. आठ ठोकळे म्हणजे सात वेळा ठेवणं. प्रत्येक ठोकळा खालच्या ठोकळ्याशी जुळवला आणि चूक कधी इकडं, कधी तिकडं झाली, तर वरचा ठोकळा साधारण २६ मिमीनं हललेला सापडतो. तीच चूक दर वेळी एकाच दिशेला झाली (आणि ऑपरेटरची नजर किंवा रोबोटचा कोड एकाच दिशेला चुकतो, हा अनुभव आहे) तर ७० मिमी. पण प्रत्येक ठोकळा जमिनीवरून आलेल्या एकाच ओळंब्याशी जुळवला तर आठवा ठोकळाही १० मिमीच्या आतच राहतो.

म्हणून खालच्या ठोकळ्याला विचारायचंच नाही. दोन बाजूंना, एकमेकींना काटकोनात, दोन ओळंबे लावा. बांबूच्या घोडीवर दोरी आणि खाली वजन पाण्याच्या बादलीत बुडवलेलं, म्हणजे वाऱ्यानं हलत नाही. लेझरच्या भानगडीत पडू नका. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात सकाळी आठनंतर ती रेघ दिसतच नाही.

कॅबमधून डावं-उजवं नीट दिसतं, पण पुढं-मागं किती हे कळत नाही. ते सांगायला बाजूला काटकोनात उभा असलेला एकच सिग्नलवाला हवा. चौघे हात हलवायला लागले की ऑपरेटर कोणाचंच ऐकत नाही, आणि बरोबरच करतो. "थांब" एवढा एकच इशारा मात्र कोणीही द्यावा.

नुसत्या कलण्यामुळे थप्पी क्वचित पडते. ६०० मिमी रुंदीचे आठ ठोकळे प्रत्येकी ७५ मिमीनं एकाच दिशेला सरकत गेले तर कुठं तळाच्या ठोकळ्यावर गुरुत्वमध्य काठाशी येतो. एवढी मोठी चूक कोणी करत नाही. थप्पी पडते ती धक्क्यानं. आणि धक्का बसतो ठेवण्याच्या शेवटच्या वीतभर अंतरात किंवा सोडताना.

मशीन

वीस टनाच्या पोकलेनला २६० किलो म्हणजे काहीच नाही. म्हणूनच माणूस बेफिकीर होतो. हे काम बेतानं, असं करा:

पहाटे साडेपाच-सहाला सुरुवात. दुपारी हायड्रॉलिक तेल तापून पातळ झालेलं असतं, लीव्हरला तोच हात पण मशीन वेगळंच वागतं. मात्र सकाळीसुद्धा पंधरा मिनिटं बूम आणि आर्म (बूमच्या पुढचा, बकेट धरणारा हात) मोकळे फिरवून तेल गरम करून घ्या, नाहीतर पहिले दोन ठोकळे झटके देत जातात.

बकेटच्या पिना आणि बुश तपासा. बकेट जमिनीपासून थोडी उचलून, मशीन बंद करून, पहारीनं हलवून पाहिली की ढिल कळते. दोन-तीन सांध्यांत थोडी थोडी ढिल मिळून टोकाला बोटभर होते, आणि ही ढिल नेमकी दिशा बदलताना उलटते. ढिल काढता येत नसेल तर शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेनं करा. थोडं पुढं गेलात तर मागं ओढून जुळवू नका, पुरतं मागं या आणि पुन्हा पुढं जा.

ट्रॅक थप्पीच्या दिशेनं, आयडलर (ट्रॅकचं मोकळं चाक) पुढं, स्प्रॉकेट (ट्रॅक ओढणारं दातेरी चाक) मागं. ट्रॅकच्या लांबीच्या दिशेला मशीन जास्त स्थिर असतं, आडवं असताना कमी. मग उचलायची जागा आणि थप्पीची जागा मशीनच्या मध्यापासून एकाच अंतरावर ठेवा. बहुतेक लोक हे करत नाहीत, आणि करतात त्यांचं निम्मं काम वाचतं, कारण आता दोन्हींच्या मध्ये फक्त स्विंग (मशीनचं वरचं धड गोल फिरवणं) उरतो, बूम-आर्मला हात लावायची गरज पडत नाही. स्विंगचाच हिशोब सांगतो: ५ मीटर अंतरावर १ अंश म्हणजे ८७ मिमी. त्यामुळे स्विंग आधी संपवा, ओळंब्यावर आणा, लीव्हर सोडा आणि मग फक्त खाली उतरवा.

उतरवणंही सरळ नसतं. बूम त्याच्या बुडाच्या पिनेभोवती गोल फिरतो. भार टांगलेलं टोक त्या पिनेच्या वर असताना बूम खाली घेतला की टोक बाहेर सरकतं, म्हणून आर्म हळूच आत घ्यावा लागतो. टोक पिनेच्या खाली गेलं की उलटं. उंच थराला एक सवय, खालच्या थराला दुसरी. ऑपरेटरच्या हाताला हे माहीत असतं, पण जिभेला नसतं. त्यामुळे नव्या माणसाला शिकवताना तो फक्त "अंदाज घे" म्हणतो.

इंजिन लो आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर. लीव्हर दोन बोटांत, मनगट आर्मरेस्टवर टेकलेलं. आमचे काका तर चप्पल काढून बसतात, का ते विचारलं नाही.

झोका

ठोकळा पट्ट्याला टांगला की तो लंबक होतो. हुकापासून ठोकळ्याच्या मध्यापर्यंत १ मीटर असेल तर एक झोका २ सेकंदांचा, अडीच मीटर असेल तर ३ सेकंदांहून थोडा जास्त. वजनानं यात काही फरक पडत नाही. शक्य तेवढा आखूड पट्टा घ्या.

झोका थांबवायची खुबी हायड्रा क्रेनवाल्यांना पाठ असते: भार ज्या बाजूला जातो त्याच बाजूला टोक थोडं न्यायचं आणि भार झोक्याच्या शेवटाला क्षणभर थांबतो तेव्हा त्याच्या बरोबर डोक्यावर थांबायचं. झोका मुळात उठूच नये असं वाटत असेल तर सुरुवात हळू करा आणि वेग साधारण एका पूर्ण झोक्याच्या वेळात वाढवा, थांबतानाही तेवढ्याच वेळात उतरवा. १ मीटरच्या टांगण्याला "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणत लीव्हर पुढं न्यायचा. पोरांनी हेच गणित रोबोटच्या लिफ्टच्या कोडमध्ये घातलं तर लांब, लवचीक हातही शांत बसतो.

सोडणं

ठोकळा टेकला की लगेच पट्टा ढिला करू नका. आधी अर्धं वजन खाली, अर्धं पट्ट्यावर, आणि दोन्ही ओळंबे पाहा. काही चुकलं असेल तर उचलून पुन्हा ठेवायची हीच शेवटची संधी. मग पूर्ण वजन सोडा, पट्टा एक वीत ढिला होऊ द्या आणि थांबा. पाच मोजा.

वर सांगितलेल्या पडापडीनंतर आम्ही हुक काढून टाकला. आता पट्ट्याच्या खाली दोन पाट्यांचा चिमटा आहे आणि कडीतून आडवी पिन जाते. पिनेला मान आहे, त्यामुळे ताण असताना ती निघत नाही. पट्टा ढिला झाला की लांबून दोरीनं ओढून काढायची, हिसका न देता. मग टोक आधी सरळ वर, किमान अर्धा मीटर, आणि त्यानंतरच स्विंग.

थप्पी २.४ मीटरची असेल तर चहूबाजूंनी ५ मीटरच्या आत कोणी नको, आणि मशीनच्या काउंटरवेटमागं (मागच्या तोल सांभाळणाऱ्या वजनामागं) दोरी बांधलेली हवी. व्हिडिओ काढणारे नेमके तिथंच जाऊन उभे राहतात. बकेटच्या दातांना पट्टा अडकवून कोणी उचलताना दिसला तर खेळ तिथंच थांबवा.

आता रोबोट

बहुतेक पोरं पहिल्यांदा उंच हात बनवतात, टोकाला चिमटा आणि वर सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर). दिसायला झकास. ६० सेंमीच्या हाताला १ अंश ढिल म्हणजे टोकाला १० मिमी, आणि स्वस्त गिअरबॉक्सच्या मोटरला तेवढी ढिल असतेच. आधी विचार करा की ठोकळा वरूनच ठेवायला हवा का.

२०१५ च्या त्या क्रेटच्या खेळात बऱ्याच तगड्या संघांनी वर ठेवणं सोडूनच दिलं. तयार थप्पी पकडून एका क्रेटएवढी उचलायची, नवा क्रेट खाली सरकवायचा, थप्पी त्यावर उतरवायची, पुन्हा उचलायची. काम नेहमी जमिनीजवळ, नेहमी त्याच उंचीवर, आणि क्रेट आत येताना दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांतून आपोआप मध्ये येतो. सहा क्रेट, वर डबा आणि त्यात नळी, अशी एक पूर्ण थप्पी ४२ गुणांची होती. तेलाच्या मोठ्या टाक्याही अशा जॅकवर बांधतात, पत्र्याचं वरचं कडं आधी आणि मग एकेक कडं खालून. नियमात "वरूनच ठेवा" असं लिहिलेलं नसेल तर ही पद्धत आधी तपासा. लगोरीत अर्थात ही सोय नाही, तिथं मोठी खाली आणि लहान वर हे ठरलेलंच.

उभ्या लिफ्टसाठी फर्निचरच्या दुकानातलं ड्रॉवरचं टेलिस्कोपिक चॅनल चालतं, इतवारीत किंवा कोणत्याही हार्डवेअरवाल्याकडं मिळतं. फक्त जोडी घ्या आणि दोन्ही बाजू एकाच मोटरनं, एकाच शाफ्टवरून ओढा. दोन बाजूंना दोन मोटरी लावल्या की एक पुढं, एक मागं, आणि लिफ्ट तिरकी होऊन अडकते. मोटर वायपरची असो की गिअरवाली, तिला एन्कोडर (किती फिरली ते मोजणारा सेन्सर) हवाच.

याचं कारण आमच्याकडं दर वर्षी कोणी ना कोणी नव्यानं शिकतं. कोडमध्ये लिफ्ट "८०० मिलिसेकंद वर" अशी लिहिलेली. तीन सेलची लिपो बॅटरी भरलेली असताना १२.६ व्होल्टची, तेव्हा ठोकळा बरोबर उंचीवर. सहाव्या फेरीला बॅटरी उतरलेली, मोटर हळू, तेवढ्याच वेळात लिफ्ट दोन सेंमी कमी चढते आणि नवा ठोकळा थप्पीच्या पोटात घुसतो. "सर, सकाळी चाललं होतं!" सकाळी बॅटरी भरलेली होती. वेळेवर चालवू नका, अंतरावर चालवा. खाली एक लिमिट स्विच (लिफ्ट तळाला टेकली की दाबला जाणारा) लावा आणि दर फेरीला शून्य तिथूनच घ्या.

चाकं घसरतात, त्यामुळे मोटरच्या एन्कोडरवरून रोबोट कुठं आहे ते पक्कं कळत नाही. मोटर नसलेली, स्प्रिंगनं जमिनीवर दाबलेली दोन छोटी चाकं लावून त्यांवर मोजा. शेवटच्या २० सेंमीला अंतर मोजणारा सेन्सर मैदानाच्या भिंतीकडं ठेवा, थप्पीकडं नको. इथंही तोच मुद्दा, खालच्या ठोकळ्याला विचारायचं नाही.

चिमट्याचे दोन्ही जबडे एकाच वेळी, सारख्या अंतरानं उघडले पाहिजेत. एकच जबडा हलत असेल तर तो उघडताना ठोकळा दुसऱ्याकडं ओढला जातो. आतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवा, पकड चांगली येते. पण ट्यूब उन्हात चिकट होते आणि सोडताना हलका फोम सोबत ओढते, म्हणून तिच्यावर थोडी टाल्कम पावडर. कोडमध्ये सोडण्याचे चार वेगळे टप्पे करा: ५ मिमी उघड, पाव सेकंद थांब, पूर्ण उघड, सरळ मागं ये. वळायचं नंतर. आमच्याकडं निम्म्या थप्प्या रोबोट वळताना जबड्याच्या कोपऱ्यानं पडल्या आहेत.

लिपो बॅटरी उभ्या गाडीत ठेवू नका. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीच्या आत काय होतं ते वेगळं सांगायला नको. चार्जिंगला लावून चहाला जायचं नाही, आणि आठवडाभर वापरायची नसेल तर सेलमागं ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून द्या.

वही आणि गुण

सरावाची वही ठेवा. पडल्याची नोंद "पडली" अशी नको. कितवा ठोकळा, टेकताना पडली की सोडताना की निघताना, कोणत्या दिशेला, बॅटरी किती, किती वाजले. वीस ओळी भरल्या की दिशा दिसायला लागते. सगळ्या पडझडी डावीकडं असतील तर ती नशिबाची नाही, बसवण्याची चूक आहे, आणि ती स्पॅनरनं दुरुस्त होते.

गुण देताना नुसती उंची मोजू नका. आम्ही ठोकळ्यामागं १० गुण देतो आणि शेवटी ओळंब्यापासून सगळ्यात बाहेर गेलेला काठ जितका मिमी असेल त्याचा पाचवा भाग वजा करतो. वेळ फक्त बरोबरी झाली तर पाहायची. पहिल्या वर्षी वेळेला गुण होते, तेव्हा पोरं घाबरीघुबरी होऊन ठोकळे फेकल्यासारखे ठेवत होती.

उतरवणं

थप्पी लागली, फोटो झाले, आणि सगळ्यांचं लक्ष तर्री-पोह्यांकडं गेलं की मशीनला एकटं सोडू नका. उतरवायचं काम त्याच ऑपरेटरनं, त्याच सिग्नलवाल्यानं, तेवढ्याच मोकळ्या घेऱ्यात करायचं. कडीत पिन घालायला उंच थरावर माणूस चढवावा लागतो तेव्हा थप्पीला टेकलेली शिडी नको, बाजूला स्वतंत्र उभी राहणारी घोडी हवी आणि पिन बसेपर्यंत बूम पूर्ण बंद. माणूस खाली उतरून ५ मीटर बाहेर गेला की मगच पट्ट्याला ताण. आधी एक इंच उचला, थांबा, ठोकळा सरळ सुटतोय का पाहा. वरून एकेक करून खाली. आठवा, सातवा, सहावा, आणि शेवटचे दोन उरले की काका हमखास विचारतात, "हे राहू द्याचे का बसाले?" आता ते दोन ठोकळे शेडच्या दारात आहेत, आणि दुपारी डबा खायला तिथंच बसतो.